कोणती बाजू पहिली

पितांबरला गाण्यातलं काही कळत नव्हतं. गिऱ्हाइकांना तो तसं सांगूनच टाके. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की एखादी कॅसेट लावायची. दोन्ही स्पीकर सारखे वाजतात का बघायचं. बंद करायचं. गाणं कुठे तोडलं याच्याशी त्याला देणंघेणं नसे.

धुळ्यात पाच कंदील चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक बल्ब आणि भिंतीला उघडी पडलेली यंत्रं. तो मूळचा एदलाबादकडचा. घरी केळी आणि कापूस. वडील कौतिक यांना वाटलं होतं, थोरला शेतात लागला तसा हाही लागेल. हा जळगावला रेडिओ-मेकॅनिकचा कोर्स करून धुळ्यात येऊन बसला. केळीच्या बागेत ओल फार, यंत्रं लवकर खराब होतात, एवढंच कारण त्याने कधीतरी दिलं होतं.

एकोणनव्वद साली माघात त्याचं लग्न झालं. मुलगी सोनगीरकडची. शेवंता. फाट्यावरून आत अर्धा तास पायी गेलं की तिचं गाव. तिची बोली अहिराणी. पितांबरची बोली पूर्वेकडची, वेगळी. तिचं बोलणं त्याला चारातले तीन आणे कळे. उरलेल्या आण्यावर तो मान हलवी.

"कळनं का?" ती विचारी.

"कळलं."

"काय कळनं, सांग बरं."

तो पुन्हा मान हलवी. ती पदर तोंडाला लावून हसे. दोन-अडीच महिने असेच गेले. त्या महिन्यांत तो दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी जाऊ लागला होता. आधी कधी गेला नव्हता.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. लग्नानंतरची पहिली. पहिल्या आखाजीला मुलगी माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. तिचा भाऊ न्यायला आला. पितांबर दोघांना एसटी स्टँडवर सोडायला गेला. गाडी सुरू झाली. शेवंताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात पुढचं सगळं बुडालं. शेवटचा एक शब्द त्याला ऐकू आला.

"...येस."

त्याने हात हलवला. गाडी गेली.

अहिराणीत 'येस' म्हणजे येते. हे त्याला माहीत होतं. घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही. ती येते म्हणाली. म्हणजे येईल. तो दुकानात परत आला आणि एका फिलिप्सचं झाकण उघडून बसला.

आठवड्याभराने तोताराम आला. तोताराम सोनगीर-धुळे काळीपिवळी जीप चालवी. जीपमधला टेप काढून त्याने टेबलावर आपटला.

"भाऊ, यानी कॅसेट खाई टाकी. टेप नीट कर. कॅसेट फेकी दे."

"कोणाची आहे?"

"आमना गावना लोटननी. भांडा ठोकस तो. स्वतः गाना लिखस, स्वतः गास. डोकं फिरेल शे त्यानं. माले फुकट देयेल व्हती, म्हनूनसन लावेल व्हती. पॅसेंजर शिव्या देतस."

टेप दोन दिवसांत झाला. कॅसेट फेकायची राहिली.

उन्हाने तिचं कवच वाकडं झालं होतं. कागदाचं लेबल खरवडून गेलं होतं. आत फीत चुरगळून पंख्यासारखी दुमडली होती. पितांबरला फेकवेना. त्यात गाण्याचा काही संबंध नव्हता. चांगली फीत होती, एवढंच. एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने कवचाचे पाच स्क्रू काढले. फीत नखाने सपाट केली. बोटभर तुकडा अगदीच गेला होता, तो कापला आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. सगळं एका भजनाच्या जुन्या कॅसेटच्या कवचात बसवलं. त्या कवचावर एक आणि दोन असे आकडे होते. कोणती बाजू वर आली हे त्याने पाहिलं नाही. पाहायचं कशाला? लेबलच नव्हतं.

एक आकडा वर ठेवून त्याने कॅसेट लावली.

आधी पावलं. धुळीतली. मग एक बारीक ठोका, धातूवर धातू. टण. टण. त्याला वाटलं, यंत्रात काहीतरी आपटतंय. त्याने टेप बंद केला, उघडला, फिरकीला तेल दिलं. पुन्हा लावला. टण. टण. ठोका तिथेच होता. आणि त्या ठोक्यावर एक माणूस गाऊ लागला. आवाज घोगरा. पेटी नाही, ढोलकी नाही. एक बाई वाटेने चालली आहे. डावीकडे वावर. बांधावर बाभूळ. लांबून किल्ला दिसतो. गाणं संपलं आणि मध्ये गॅप आलीच नाही. पावलं चालूच. त्यातूनच दुसरं गाणं सुरू झालं. त्यात किल्ला जवळ आला होता.

असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. कॅसेटमध्ये गाणी असतात. एक संपतं, दुसरं सुरू होतं. त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. इथे पहिल्या गाण्यातली बाभूळ दुसऱ्या गाण्यात मागे राहिली होती.

चौथ्या गाण्यात बाई फाट्यावर पोहोचली. आवाज एकदम जड झाला, रेंगाळू लागला. बेल्ट सैल, पितांबर मनात म्हणाला. त्याने बेल्ट बदलला. आवाज तसाच जड. दुसऱ्या टेपमध्ये लावून पाहिलं. तसाच. म्हणजे माणूसच तसा गात होता. मग गाडीचा आवाज आला. गाडी थांबली, सुरू झाली, निघून गेली. फीत संपली.

त्याने कॅसेट उलटली.

केरसुणीचा आवाज. आणि मघाचीच रेंगाळणारी चाल, आता भरभर. बाई अंगण झाडत होती. मग चूल पेटली. मग भाकरी. मग गोठ्यातली म्हैस. एकेक गाणं एकेका कामाचं. पाचवं गाणं उंबऱ्याचं. ठोका हळू हळू कमी होत गेला. मग एक जागा आली, जिथे त्याने फीत कापून जोडली होती. खट् असा आवाज झाला. आणि त्यानंतर एकच शब्द.

"येस."

फीत संपली. पितांबर टेबलाशी तसाच बसून राहिला. बाजूचा चहावाला सुकदेव कप घ्यायला आला, तर कप भरलेलाच होता.

"काय झालं रे? करंट बसला का?"

"नाही."

"मग?"

पितांबरने कप बाजूला सरकवला. त्याने पुन्हा एक आकडा वर केला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली.

ज्येष्ठ संपेपर्यंत त्याने ती किती वेळा ऐकली, त्याची गिनती नाही. दुकान उघडलं की एकदा. दुपारी घरी जायचं कारण राहिलं नव्हतं, म्हणून दुपारी एकदा. बंद करायच्या आधी एकदा. गिऱ्हाइकाचा टेप तपासायलाही तीच. लोक म्हणत, दुसरं काही लाव. तो लावत नसे. आता त्याला गाणं तोडवत नव्हतं. गिऱ्हाईक उभं राही आणि हा म्हणे, "थांबा, बाई फाट्यावर पोहोचू द्या."

लोक त्याच्याकडे बघत.

त्याला त्यातलं काय आवडलं, हे त्याला शेवटपर्यंत नीट बोलता आलं नाही. एकदा त्याने सुकदेवला समजवायचा प्रयत्न केला.

"हे बघ. ती चालत निघते. थकते. म्हणून फाट्यावर आवाज जड. मग गाडीत बसते. घरी येते. घरी आल्यावर तीच चाल भरभर. कारण ती घरी आली. झाडलोट करते, चूल पेटवते. आणि शेवटी उंबऱ्यात म्हणते, येस. आले म्हणते. नऊ गाणी, पण गोष्ट एकच आहे."

"ती आली तर शेवटी कशाला म्हणेल येस? आधी नाही का म्हणणार? झाडून झालं, भाकरी झाली, मग म्हणते आले?"

पितांबर गोंधळला. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तिथे फीत कापलीय मी," तो म्हणाला. "त्यात काहीतरी असेल. येसच्या आधी."

"आणि तुझी बायको? ती कधी येणार?"

"येणार. येस म्हणाली ती."

"कोण, कॅसेटमधली का घरची?"

पितांबरने कॅसेट उलटली. पण त्या दिवसापासून त्याला दोघी वेगळ्या करता येईनात. किल्ल्याजवळून चालणारी बाई शेवंतासारखी चाले. शेवंता आली की अंगण झाडेल, आणि ती चाल भरभर होईल, असं त्याला वाटे. शेवट माहीत असल्यावर मधली वाट कितीही लांब असो, माणसाला धीर धरता येतो. त्याने धीर धरला. आषाढ गेला. श्रावण गेला.

गावाहून आई सुनंदाबाई येऊन गेली. रिकामं घर बघून तिने कपाळाला हात लावला.

"अजून आली नाही?"

"येईल."

"तिचा भाऊ घेऊन गेला ना? मग तोच आणून सोडीन. आपल्याकडे तीच रीत आहे. तू काहून जाशील? तू गेला तर लोक म्हणतीन, सासुरवाडीच्या दारात उभा राह्यला."

पितांबरला हे पटलं. त्याच्या दोन्ही बहिणींना त्याने स्वतःच सासरी नेऊन सोडलं होतं. रीत तीच होती. आणि ती येते म्हणालीही होती. दोन्ही गोष्टी एका बाजूला होत्या.

भाद्रपदात पोस्टकार्ड आलं. सासरे वना आबांचं. अक्षर शाळेतल्या कोणाचं तरी. तीन ओळी. शेवंता खुशाल आहे. पाऊसपाणी बरं आहे. आपला काय विचार आहे तो कळवावा.

त्याने कार्ड चार वेळा वाचलं. कसला विचार? त्याने काहीच विचार केला नव्हता. तो वाट बघत होता. विचार तर त्यांनी कळवायचा. त्याने कार्ड सुकदेवला दाखवलं.

"हे बेकार आहे," सुकदेव म्हणाला. त्याने चहाचं फडकं खांद्यावर टाकलं. "हे सोडचिठ्ठीच्या आधीचं कार्ड आहे. माझ्या चुलतभावाला असंच आलं होतं. शब्दाला शब्द."

"पण ती येस म्हणाली!"

"पाच महिने झाले, पितांबर."

त्या दिवशी त्याने कॅसेट लावली आणि पहिल्यांदा त्याचं तिच्यात मन लागलं नाही. गाणी तीच. पण सुकदेवचा प्रश्न प्रत्येक गाण्यात येऊन बसला. सगळी कामं झाल्यावर ती येस का म्हणते? बोटभर फितीत काय होतं? त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. तो डबा मे महिन्यातच रिकामा झाला होता. त्या तुकड्यात 'मी' असेल. किंवा दुसरंच काही असेल. तिथेच उत्तर होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने कापलं होतं.

त्याने काय करायला हवं होतं, हे कोणीही सांगितलं असतं. कार्ड घेऊन सासुरवाडीला जायचं. त्याने ते केलं नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट खिशात घालून तोतारामच्या जीपमध्ये बसला आणि म्हणाला, "लोटनच्या घरी सोड."

तोतारामने आरशातून त्याच्याकडे बघितलं.

"लोटनना घर? सासरा घर नही?"

"आधी लोटन."

"भाऊ, तुमनं बी फिरनं का?"

सोनगीरच्या गल्लीत शिरला आणि पितांबर थांबला. टण. टण. तोच ठोका. कॅसेटमधला. यंत्राचा दोष समजून त्याने ज्यात तेल घातलं होतं, तो. एका घराच्या ओट्यावर पन्नाशीचा एक माणूस पितळी हंड्यावर हातोडी मारत बसला होता. गाताना दिसला असता तर पितांबरला एवढं नवल वाटलं नसतं. पण तो नुसता हंडा ठोकत होता, आणि ते गाणंच होतं.

"लोटन भाऊ?"

"हंडा का कळशी?"

"कॅसेट."

हातोडी थांबली. लोटनने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू कोणी त्याचं हरवलेलं जनावर दारात आणून बांधलंय.

ती कॅसेट लोटनने जळगावला, एका बँडवाल्याच्या खोलीत दोन दिवसांत भरली होती. स्वतःचा हंडा आणि हातोडी घेऊन गेला होता. शंभर कॅसेटी केल्या. लग्नात वाजवता येत नाही, देवळात वाजवता येत नाही, म्हणून कोणी घेतल्या नाहीत. घरात कोपऱ्यात अजून रास होती. प्लास्टिकच्या डब्यांत त्याच्या बायकोने, मंजुळाबाईने, लवंगा, सुया आणि बटणं भरून ठेवली होती.

पितांबरने खिशातून कॅसेट काढली. लोटनने ती उलटीपालटी करून पाहिली.

"भजननी शे का?"

"कवच भजनाचं. आत तुमची. मी बदललं. रोज ऐकतो. पाच महिने."

"रोज?" लोटनचा आवाज जरा हलला. "बठ्ठी?"

"सगळी. पहिली बाजू वाट, दुसरी बाजू घर."

लोटनने मान हलवली.

"नही भाऊ. पहिली बाजू घर. दुसरी वाट."

पितांबरला आधी कळलं नाही. मग लोटनच्या हातातल्या कॅसेटवरचा एक आकडा दिसला.

"म्हणजे... ती घरी येत नाही?"

"येस कोठे? निंघी जास. झाडस, सयपाक करस, म्हैसले चारा टाकस. बठ्ठं काम निपटाडस. मंग उंबरावर येस म्हनस नि निंघी जास. फाटावर गाडी. खेल खतम."

पाच महिने पितांबर उलटं ऐकत होता. थकून आवाज जड झाला नव्हता. घर सुटलं म्हणून झाला होता. जिथे तो दर वेळी धीर गोळा करत होता, तिथे ती निरोप घेत होती. त्याने ओट्याची कड धरली. शेवटी कसंबसं विचारलं, "येसच्या आधी काय आहे? माझी फीत तिथे तुटली."

लोटनने राशीतली एक धड कॅसेट काढली. जुना टेप लावला. बाजू पहिली, शेवटचं गाणं. पितांबर वाकून कान देऊन बसला. ठोका कमी होत गेला. ती जागा आली.

टण.

"येस."

एवढंच. कापलेल्या तुकड्यात फक्त एक ठोका होता. शब्द नव्हताच.

"म्हणजे ती म्हणते, मी येते?" पितांबरने विचारलं.

"तेच. जास आसं कोनी म्हनस का? येस म्हनतस."

"काय सांगी राह्यनात तुम्ही!" आतून आवाज आला. मंजुळाबाई पिठाचे हात घेऊन दारात आली. "ती सांगी नही राह्यनी. ती इचारी राह्यनी. तू येस ना, आसं. लेवाले येस ना."

"हाई दख," लोटन पितांबरला म्हणाला, "गानं मी लिखं का इनी?"

"लिखं तुम्हीन. पन बोलनू मी!" मंजुळाबाई पितांबरकडे वळली. "भाऊ, तूच सांग. मी माहेरले जाई राह्यनती. उंबरावर यासले सांगं, येस. लेवाले ये, आसं. आनि हाऊ मानूस आठे बशीसन गाना बनावत बसना. तीन महिना! गाना बनावाले टाईम व्हता, लेवाले येवाले नव्हता. शेवट मना सासरा लेवाले ऊना."

"माले वाटनं, येस म्हनजे तू येस," लोटन म्हणाला.

"कशी येसू? लेवाले कोनी ऊनं नही तं बाई आपली आपली कशी येई? लाज शे का नही?"

लोटनने हंडा जवळ ओढला.  असं दिसत होतं की हे भांडण नवं नव्हतं.

पितांबर मध्ये बसून दोघांकडे बघत होता. 'येस' म्हणजे मी येते. 'येस' म्हणजे ती येते. 'येस' म्हणजे तू येतोस. सगळ्यांना एकच शब्द. त्याला फक्त पहिला अर्थ माहीत होता. चारातले तीन आणे. एसटीची खिडकी आठवली. इंजिन. तिचे हलणारे ओठ. शेवटी येस. त्याने हात हलवला होता. तिने विचारलं असेल तर त्या हाताचा अर्थ काय झाला? हो, येतो? की जा?

त्याने चहा घेतला नाही. चप्पल घातली.

"कोठे?" लोटनने विचारलं.

"लेवाले," पितांबर म्हणाला. न्यायला, या अर्थाचा हा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

फाट्यावरून आत तो शेवंताच्या गावाकडे चालत गेला. डावीकडे वावर. बांधावर बाभूळ खरंच होती. पण ती उजव्या बाजूला होती, किंवा तो उलट्या दिशेने चालला होता. त्याला ठरवता येईना.

वना आबा अंगणात दोर वळत बसले होते. ते उठले नाहीत. पण खाट सरकवली.

"या पाव्हनं. बठा."

पाणी घेऊन शेवंता आली. तांब्या त्याच्यासमोर ठेवला, हातात दिला नाही.

"ऐकी लिधं का गानं?"

पितांबरने मान वर केली.

"तोताराम सांगी गया," ती म्हणाली. "पाव्हना पहिले लोटनना घर गयात म्हने. पाच महिनामा बायकोनं घर दिसनं नही. कॅसेटवालानं दिसनं."

तोताराम अर्थातच आधी येऊन गेला होता. जीप त्याच्याकडे होती. पितांबरला खोटं सुचलं नाही. तशी त्याला सवयही नव्हती. त्याने सगळं सांगितलं. कवच, कापलेली फीत, बेल्ट, उलटी बाजू. आईची रीत. एसटीची खिडकी. सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटू लागलं. आबा दोर वळायचे थांबले. शेवंताची आई ताईबाई दारात येऊन उभी राहिली.

"आमच्याकडे भाऊ आणून सोडतो," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडेही तसंच."

"नि आमले वाटनं, तुले बायको नको," आबा म्हणाले.

 घरात एक कोंबडी शिरली, ती ताईबाईने हाकलली.

"कोठे शे?" शेवंताने विचारलं.

"काय?"

"कॅसेट. दखाड."

त्याने खिशातून काढली. आबांच्या कोनाड्यात टेप होता. पितांबर उठून कॅसेट घालायला गेला आणि हात तिथेच थांबला. कोणती बाजू? वाट लावली तर शेवटी घर येईल. येस येईल. पण ते खोटं होतं, हे आता त्याला माहीत होतं. घर लावलं तर शेवटी ती निघून जाईल. आज, या घरात, या लोकांसमोर ती निघून जाणारी गोष्ट लावायची? तो कॅसेट उलटीपालटी करत राहिला. शेवंताने ती त्याच्या हातातून घेतली. आकडा न बघता आत टाकली आणि बटण दाबलं.

केरसुणीचा आवाज आला.

घर. पितांबर खाटेवर बसला.  पाच गाणी झाली की ती जाणार. तो शेवंताच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. झाडणं. चूल. ती मध्येच आत गेली. त्याला वाटलं, कंटाळली. आतून डबे वाजले. भाकरीच्या गाण्याला ती बाहेर येऊन दोन मिनिटं थांबली, पुन्हा आत गेली. म्हशीच्या गाण्याला आबा हसले. "हाई म्हैस हल्यानीच शे," ते म्हणाले. हल्या कोण, ते पितांबरला कळलं नाही. त्याने मान हलवली.

उंबऱ्याचं गाणं लागलं तेव्हा शेवंता बाहेर आली. अंगावर लग्नातली हिरवी साडी. हातात पिशवी. पिशवीतून वेणीफणीची पेटी आणि पापडांची चवड दिसत होती. ठोका कमी होत गेला. जोडाच्या जागी खट् झालं.

"येस," टेपमधला माणूस म्हणाला.

"माय, येस," शेवंता ताईबाईला म्हणाली. वाकून तिच्या पाया पडली.

ताईबाईने डोळ्याला पदर लावला. आबा उठले. फीत संपून टेपचं बटण आपोआप वर आलं.

पितांबर तसाच बसला होता. हे घर होतं, आणि ती या घरातून निघाली होती. म्हणजे लोटनची बाजू बरोबर. पण आता वाट होती, फाटा होता, गाडी होती, आणि पुढे धुळ्याचं घर. म्हणजे त्याचीही बाजू बरोबर. त्याला हे कोणाला तरी विचारायचं होतं. पण शेवंता अंगणाच्या बाहेर गेली होती.

"चालनात का बसनात?" तिने लांबून विचारलं.

त्याने घाईने कॅसेट काढली. दुसरी बाजू राहिली, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

दोघं फाट्याकडे निघाले. पावलांचा आवाज येत होता. धुळीतला. किल्ला जवळ आला, मग बाजूला गेला. फाट्यावर गाडीची वाट बघत उभे राहिले तेव्हा त्याला राहवेना.

"एक विचारू?"

"इचार."

"त्या दिवशी. आखाजीला. गाडीच्या खिडकीतून तू म्हणालीस, येस. ते तू येते म्हणालीस, का मला विचारलंस, तू येतोस ना?"

शेवंताने कपाळाला आठ्या घातल्या. विचार केला. खरंच केला.

"कोनता दिन? माले तं काहीच याद नही."

"काहीतरी म्हणालीस. शेवटी येस होतं."

"येस तं मी दर वेळे म्हनस. पन काय सांगं व्हतं..." ती थांबली. "डबा धोईसन ठेव, आसं म्हननू व्हसू. डबामा तूप व्हतं."

गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं. शेवंता आधी चढली आणि खिडकीशी जागा धरली. पितांबर पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर तसाच उभा राहिला. तुपाचा डबा अजून घरी फळीवर होता. धुतलेला नव्हता.

"येस का?" तिने आतून विचारलं.

"येस," तो म्हणाला आणि चढला.